ताण संपतो कधी?

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या तोंडात दोनदा जखम करून घेतली. तोंडातल्या टाळूवर साडेतीन मिलिमीटर रुंदीचा एक गोल छेद घ्यायचा आणि तो किती दिवसांत भरतो ते पाहायचं, असा प्रयोग होता. पहिली जखम उन्हाळ्याच्या सुट्टीत केली, दुसरी सत्रातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणसं तीच, छेद घेण्याचं हत्यार तेच, आकार तोच. १९९८ मध्ये निकाल छापून आला. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले होते, म्हणजे सुमारे चाळीस टक्के अधिक वेळ. अकरांपैकी एकाचीही जखम परीक्षेच्या दिवसांत सुट्टीतल्या वेगाने भरली नाही.

ही काही खचलेली किंवा आजारी माणसं नव्हती. तरणीताठी मुलं होती आणि परीक्षा देणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ‘ताण काय, मनाचे खेळ’ असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगतो. टाळूवरच्या कातडीला परीक्षेचं वेळापत्रक कसं कळलं, हा प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे.

त्याचं उत्तर शोधायला जर्मनीत ट्रियरला जावं लागेल. तिथल्या विद्यापीठात १९९३ मध्ये क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हमखास ताण निर्माण करणारी एक चाचणी बसवली. माणसाला सांगायचं, तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला आला आहात, आता पाच मिनिटं स्वतःबद्दल बोला. समोर परीक्षक. त्यांनी हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बोलणं झालं की तोंडी गणित: १०२२ मधून १३ वजा करा, उरेल त्यातून पुन्हा १३, असं खाली येत राहा. चुकलात की परत १०२२ पासून. तोंडी परीक्षेला मख्ख चेहऱ्याचे बहिःस्थ परीक्षक ज्यांनी भोगले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. अंगाला धक्का लागत नाही, उपाशी ठेवत नाहीत, जिवाला कसलाही धोका नाही. तरीही बहुतेकांच्या शरीरात, समोर वाघ उभा राहिल्यावर जे घडेल तेच घडायला लागतं.

पहिल्या काही सेकंदांतला सगळा कारभार चेतातंतूंचा. मेंदूच्या आतल्या भागात असलेल्या अमिग्डालाला धोक्याची चाहूल लागते, तो मेंदूतल्याच हायपोथॅलॅमसला वर्दी देतो आणि तिथून अनुकंपी चेतासंस्थेमार्फत हृदय, फुप्फुसं, यकृत, कातडी, डोळ्यांच्या बाहुल्या या सगळ्यांना एकाच वेळी निरोप जातो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर जेमतेम चार-पाच ग्रॅमची एकेक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते. तिच्या गाभ्यापर्यंत चेतातंतू थेट पोचतात आणि निरोप मिळताच तिथून ॲड्रिनलिन रक्तात सुटतं. ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर मोकळी करतं. आतड्यांकडचं आणि कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळवलं जातं, त्यामुळे हात गार पडतात आणि पोटात गोळा आल्यासारखं होतं. लाळ कमी होते, तोंडाला कोरड पडते. रक्त गोठण्याची तयारी वाढते, कारण लढाईत जखम झालीच तर रक्त कमी वाहावं. आणि बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, पण या पहिल्या टप्प्यात रोगप्रतिकारशक्ती खालावत नाही. पांढऱ्या पेशी उलट मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि मग कातडीसारख्या, जिथे जखम व्हायची शक्यता अधिक, अशा जागांकडे वळतात.

यातला पोटाचा भाग आधी कळला, तोही अपघाताने. रॉन्टगेन यांचे क्ष-किरण १८९५ मध्ये जगापुढे आले आणि दोनएक वर्षांतच हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर बघू लागला. मांजर शांत असलं की जठरावर लाटा उठायच्या. ते बिथरलं, धडपडू लागलं की लाटा जागच्या जागी थांबायच्या. त्याला पचनाचा अभ्यास करायचा होता आणि मांजरांचा राग मध्ये येत होता! पुढे कॅनन यांनी हा अडथळाच अभ्यासाचा विषय केला. १९१५ मधल्या त्यांच्या पुस्तकात भूक, वेदना, भीती आणि संताप यांत शरीर कसं बदलतं ते मांडलेलं आहे. ‘लढा किंवा पळा’ ही आता सर्वतोमुखी झालेली कल्पना त्यांचीच.

ॲड्रिनलिनचा जोर मिनिटांचा असतो. दुसरी लाट मागून, सावकाश येते. हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो, ते शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्युटरीचं संप्रेरक रक्तातून ॲड्रिनलच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचतं आणि तिथे कॉर्टिसॉल तयार होतं. या तीन टप्प्यांना वेळ लागतो. ट्रियरच्या चाचणीत गणित संपवून माणूस बाहेर येऊन पाणी पितो, त्यानंतर दहा-वीस मिनिटांनी त्याच्या लाळेतलं कॉर्टिसॉल शिखराला पोचतं. (सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यांचंच चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, हे वेगळं. कॉर्टिसॉल म्हणजे विष, असा सूर हल्ली ऐकू येतो. ते नसेल तर सकाळी अंथरुणातून उठणं जड जाईल.)

घरात लग्न निघालं की गळकी मोरी, माळ्यावरची वाळवी, आजीचा मोतीबिंदू, सगळ्याला एकच उत्तर मिळतं: लग्न होऊ दे. कॉर्टिसॉल शरीराला हेच सांगतं. वाढ, प्रजनन, हाडांची आणि कातडीची डागडुजी, सगळं नंतर. स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृताला साखर करायला दिली जातात, कारण आत्ता रोख पैसा हवा. दाहाला आवर घातला जातो. आणि जखम भरण्याची पहिली पायरीच मुळी दाह असते. कापलेल्या जागी लाली येते, सूज येते, ठणका लागतो, ती दुरुस्तीची माणसं कामावर आल्याची खूण. त्यांना बोलावणाऱ्या रेणूंपैकी एक म्हणजे इंटरल्यूकिन-१ बीटा. ओहायोतल्या विद्यार्थ्यांच्या रक्तपेशींत त्याच्या निर्मितीची तयारी परीक्षेच्या काळात ६८ टक्क्यांनी खाली आली होती. टाळूला वेळापत्रक कळलं ते असं.

लग्न उरकलं की मांडव उतरवायचा असतो, आणि त्याचीही सोय शरीरात आहे. रक्तातलं कॉर्टिसॉल वाढलं की तेच मेंदूत परत जाऊन हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला थांबवतं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस, जो आठवणी जुळवायचं काम करतो, तोही या आवरण्यात सामील असतो. रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅकएवेन यांनी १९६८ मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवून दिलं की ॲड्रिनलचं हे संप्रेरक हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतं. तोवर ते मेंदूच्या विचार करणाऱ्या भागापर्यंत पोचतं याची कोणाला कल्पना नव्हती. चालू करणाऱ्या कळीइतकीच बंद करणारी कळ मोलाची आहे, आणि माझ्या मते ताणाबद्दलच्या बहुतेक लिखाणात तिच्याकडेच दुर्लक्ष होतं.

या संप्रेरकाचे दोन्ही चेहरे आपण कोविडच्या काळात पाहिले, फक्त तेव्हा त्याला ताणाशी जोडून पाहिलं नाही. डेक्सामेथासोन हे औषध म्हणजे कॉर्टिसॉलचा कारखान्यात बनलेला, कितीतरी पटींनी जोरकस भाऊ. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू या स्वस्त औषधाने सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. बेफाम झालेला दाह ते आवरत होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत हीच स्टेरॉइडं गरज नसताना, जास्त मात्रेत, जास्त दिवस दिली गेली, मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनाही दिली गेली आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे हजारो रुग्ण निघाले. साखर चढलेली, प्रतिकारशक्ती दबलेली. बुरशीला आणखी काय हवं? काही दिवस योग्य वेळी मिळालं तर जीव वाचवणारं रसायन मुक्काम ठोकून बसलं की काय करतं, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा सापडणार नाही. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल अर्थातच औषधाच्या मात्रेइतकं नसतं. पण ते वर्षानुवर्षं पाझरत राहू शकतं.

दीर्घकाळच्या ताणाकडे शास्त्राचं लक्ष वेधलं हान्स सेल्ये यांनी. व्हिएन्नात जन्मलेले सेल्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात उंदरांवर काम करत होते. थंडी, शस्त्रक्रियेची जखम, अति व्यायाम, निरनिराळी रसायनं, काहीही करा, उंदरांच्या शरीरात तीच तीन लक्षणं दिसायची: ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकारक पेशी घडवणारी थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. १९३६ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात त्यांनी हे एका छोट्या टिपणात मांडलं. शरीर आधी दचकतं, मग तग धरतं आणि शेवटी थकतं, हा त्यांचा तीन पायऱ्यांचा सिद्धांत आजही पाठ्यपुस्तकांत आहे. माणूस मोठा, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. सेल्ये यांना सिगारेट कंपन्यांकडून पैसे मिळत होते आणि धूम्रपानाने ताण हलका होतो अशी त्यांची बाजू घेणारी मांडणी ते करत. ‘सिगारेट ओढली की डोकं शांत होतं’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं, त्यामागे कुणाकुणाचा हात आहे ते यावरून कळावं. निकोटिन ठोके वाढवतं, रक्तदाब वाढवतं. ओढणाऱ्याला जी शांती वाटते ती बरीचशी आधीच्या सिगारेटची तलफ भागल्याची असते.

सेल्ये यांच्या सिद्धांतातली ‘थकवा’ ही पायरी मात्र आता वेगळी समजली जाते. ॲड्रिनल ग्रंथी दमून रिकाम्या होतात असं काही आढळत नाही. ‘ॲड्रिनल फटीग’ या नावाने ज्या गोळ्या आणि चूर्णं विकली जातात, त्या नावाचा आजार संप्रेरकतज्ज्ञ मानत नाहीत. बिघाड ऐकणाऱ्यांच्या बाजूला होतो. महिनोन् महिने कॉर्टिसॉलचा मारा झाला की रोगप्रतिकारक पेशी त्याला दाद देईनाशा होतात. मग विचित्र अवस्था येते: दाह आवरणारं रसायन रक्तात आहे, पण दाह आवरत नाही. मंद, न दिसणारा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, पोटाच्या चरबीत धुमसत राहतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले आणि कोणाला सर्दी होते ते पाहिलं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, महिन्यापेक्षा कमी काळ टिकलेल्या ताणाने, तो कितीही तीव्र असला तरी, सर्दीचा धोका वाढला नव्हता. महिना किंवा त्याहून जास्त चाललेल्या ताणाने तो स्पष्ट वाढला होता. आणि कुठला ताण? मुख्यतः बेकारी किंवा अपुरं काम, आणि घरच्यांशी वा मित्रांशी चिघळत राहिलेलं बिनसणं.

मेंदूचं काय होतं, याबद्दलचं फार महत्त्वाचं काम बंगळुरूत झालेलं आहे. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि अजय व्यास यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हलता येणार नाही असं जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, ही गोष्ट आधी माहीत होती. २००२ मध्ये त्यांनी दाखवलेली नवी गोष्ट अशी की अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या त्याच वेळी वाढल्या, दाट झाल्या. म्हणजे ताण आवरणारा भाग आक्रसला आणि भीती ओळखणारा फोफावला. मग उंदरांना एकवीस दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला. अमिग्डाला झाला नाही. ताणाचं कारण संपून गेल्यावरही काही माणसं दाराची बेल वाजली तरी का दचकतात, याचा एक धागा इथे असावा. उंदरावरून माणसावर उडी मारताना जपून मारावी हे खरं, पण माझ्या दृष्टीने या विषयातला हा सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष आहे.

बाकीची यादी वाचकांच्या ओळखीची आहे: चढा रक्तदाब, वाढती साखर, पोटावरची चरबी, बिघडलेली झोप, लांबलेली पाळी. एक दुरुस्ती केली पाहिजे. जठरातला अल्सर ताणामुळेच होतो ही जुनी समजूत बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी मोडीत काढली. बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. तेव्हा पोट दुखत असेल तर ‘टेन्शन आहे’ म्हणून गप्प बसू नये. उलट, थोड्या वेळाचा ताण सर्वांनाच निर्धोक असतो असंही नाही. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजला भूकंप झाला. त्या दिवशी हृदयविकाराने अचानक दगावलेले २४ जण नोंदले गेले. एरवी रोजची सरासरी पाचच्याही खाली होती. पुढच्या काही दिवसांत मात्र हा आकडा नेहमीपेक्षा कमी राहिला. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अडत आल्या होत्या, त्यांना त्या पहाटेने ढकललं.

आता प्रश्न असा की ताण कोणाला जास्त बाधतो? आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या पगाराचा, दोन फोन हाताळणारा साहेब उभा राहतो. या चित्रामागेही एक प्रयोग आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या केल्या. दोघांनाही विजेचे झटके, पण एकाच्या हाती ते टाळण्याची कळ. कळवाल्या ‘साहेब’ माकडांना व्रण झाले आणि जबाबदारीने माणूस खचतो असा बोलबाला झाला. गोम अशी होती की पटापट कळ दाबायला शिकणारी माकडंच साहेब म्हणून निवडली होती, म्हणजे मुळात जास्त चळवळी. पुढे जे वाइस यांनी उंदरांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी करून प्रयोग पुन्हा केले, तेव्हा निकाल उलटा आला. झटका टाळणं ज्यांच्या हातात होतं किंवा तो कधी येणार हे ज्यांना आधी कळत होतं, त्यांना व्रण कमी. तितकेच झटके खाणाऱ्या पण हातात काही नसलेल्यांना जास्त.

लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी कचेऱ्यांत हेच माणसांत दिसलं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत सुमारे साडेसतरा हजार पुरुष कर्मचारी होते. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे निरोप्या-शिपायांच्या पातळीवरच्या माणसांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होते. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे सगळे हिशेब वजा करून पाहिले, तरी मोठा फरक उरलाच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही होत्या. तिथे एक धागा हाती लागला: आपलं काम कधी, कसं करायचं हे ज्यांच्या हातात कमी, त्यांना हृदयविकार जास्त. साहेबालाही ताण असतोच, पण तो फाइल परत पाठवू शकतो.

म्हणून कंपन्यांमधल्या ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या शिबिरांबद्दल मला शंका वाटते. श्वासाचा उपाय खोटा नाही. सावकाश सोडलेल्या उच्छ्वासाबरोबर व्हेगस चेतेमार्फत ठोके उतरतात. इटलीत लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की ‘ओम मणि पद्मे हुम्’, म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. चालणं, झोप, जिवाभावाचं माणूस यांचाही उपयोग होतो. पण ज्याच्या कामाचे तास, सुट्टी आणि पगार दुसऱ्याच्या मर्जीवर आहेत, त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून मूळ दुखणं तसंच राहतं. त्याचं वेळापत्रक आठवडाभर आधी कळवणं हा जास्त चांगला उपचार ठरेल.

आणि ज्यांचा ताण कुठल्याच कचेरीत नोंदला जात नाही, अशा बायका घरोघर आहेत. टाळूचा प्रयोग करणाऱ्या गटातल्याच जेनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी त्याआधी १९९५ मध्ये, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच मिळकतीच्या दुसऱ्या तेरा स्त्रिया यांची तुलना केली होती. हातावरची तशीच छोटी जखम दुसऱ्या गटात सुमारे ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना सुमारे ४९ दिवस लागले. परीक्षा संपते, हे काम कधी संपणार ते कोणालाच ठाऊक नसतं आणि ते संपावं असं मनात आलं तरी अपराधी वाटतं.

तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्यांचं सगळं करणाऱ्या माणसाला आठवड्यातली एक ठरलेली दुपार पूर्ण मोकळी द्या. कधीमधी नको, वार ठरवून द्या, म्हणजे ती येणार हे आधीपासून माहीत असेल. आणि पुढच्या वेळी आजारी माणसाला डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा सोबत आलेल्या त्या बाईचा रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या.